तालमीला खेचर नको

ओस्तिया. सप्टेंबरच्या कालेंडला, म्हणजे एक तारखेला, चार दिवस बाकी.

नुमेरिअसकडून धाकट्या बहिणीस, ओपिडियास. तू बरी असशील असं धरून चालतो. मी बरा नाही.

ओपू, काल सकाळी मासळीबाजारात मी बाजार-अधिकारी म्हणून एकाचं तेलाचं खोटं माप सगळ्यांदेखत दगडावर आपटून फोडलं. दोन शिपाई पुढे, दोन मागे, अंगात पांढराशुभ्र टोगा. लोक वाकून वाट देत होते. तिथूनच पुढे एका चांभाराकडे चपला घ्यायला गेलो, तर तो मेला मला विचारतो, "साहेब, वडिलांना विचारलंय ना?" चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो मी. टक्कल पडलं, दोन दाढा गेल्या, माझ्या पोराच्या मिशा माझ्यापेक्षा दाट झाल्या. पण बाबा जिवंत आहेत तोवर एक चपलेचा जोडसुद्धा माझ्या मालकीचा होत नाही. टोगा बाबांचा, घर बाबांचं, आणि टोगात उभा असलेला मीही बाबांचाच.

डामासला तू ओळखतेस, माझ्या दिमतीला बाबांनी दिलेला गुलाम. परवा मला म्हणाला, "धाकटे मालक, तुमच्याकडे आहे ते मोठ्या मालकांनी वापरायला दिलेलं. माझ्याकडे आहे तेही त्यांनीच वापरायला दिलेलं. फरक एवढाच, माझ्याकडे गाढव आहे." मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग त्याचंच गाढव मागून घेतलं, कारण मला नगरसभेला उशीर होत होता.

खरं सांगू? तुझ्या नवऱ्याचा हेवा वाटतो. ट्रेबियस म्हणजे भट्टीवाला माणूस, कोपरापर्यंत पीठ, बोलायची रीत नाही. पण बाप लवकर वारला म्हणून स्वतःचा मालक आहे. त्यालाही नशीब लागतं. (त्याचं धान्याचं माप मी गेल्या महिन्यात फोडलं त्याचा राग धरू नये म्हणावं. नातेवाइकाचं फोडलं की बाजारावर वचक बसतो.)

तर बातमी अशी की बाबा मला मोकळं करायला तयार झालेत. शेजारच्या मेसियसला मला रीतसर तीनदा विकतील, तो सोडत जाईल, आणि शेवटी मी माझा. बाबांची एक लहानशी अट आहे. ती ते तुला सांगतीलच. तू समजूतदार आहेस.


प्रेनेस्ते, मळ्यावरून. सप्टेंबरचे नोन, पाच तारीख.

ओपिडियाकडून दादास. चपला घेतल्यास का?

अट कळली. लहानशीच आहे, माझ्याएवढी.

बाबांचा पाय मुरगळला म्हणून मी चार दिवसांसाठी इथे आले, त्याला दोन महिने होत आले. पाय कधीच बरा झालाय. काल ते अंजिराच्या झाडावर चढले होते. मी निघते म्हटलं की लगेच लंगडायला लागतात. आता लंगडणंही सोडलंय, सरळ सांगतात. मी ट्रेबियसला सोडायचं आणि मेसियसशी लग्न करायचं. मेसियसच्या जमिनीत झरा आहे, आपल्या जमिनीत नुसती तहान. सोयरीक झाली की तो झऱ्याचा पाट आपल्या मळ्यात येऊ देणार, आणि वर तुला तीनदा विकत घेऊन सोडायची मेहनतही करणार. म्हणजे बाबांना पाणी, तुला सुटका, मेसियसला बायको. माझ्या वाट्याला मेसियस.

मी म्हटलं, बाबा, माझं लग्न झालंय. तर म्हणाले, "लग्न मी लावलं. मुलगी माझी. नांदायला पाठवली म्हणजे मालकी नाही दिली भट्टीवाल्याला. मोडायचं तेव्हा मी मोडीन." हे बोलताना ते खेचराच्या पाठीला तेल चोळत होते. त्या खेचराशी ते माझ्यापेक्षा मऊ बोलतात.

मेसियस रोज येतो. ओंजळभर अक्रोड आणतो, माझ्यासमोर बसून फोडतो आणि स्वतःच खातो. काल मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "कंबर मजबूत आहे. घागरी उचलेल." ज्याच्या दारात झरा वाहतो त्याला एवढ्या घागरी कुठे न्यायच्यात, ते मी विचारलं नाही.

दादा, माझी पोर तिकडे भट्टीवर आहे. माझी उशी पोटाशी धरून झोपते, असं तुझं पत्र घेऊन आलेल्या डामासने सांगितलं. मला दुसरा नवरा नको. चौदा वर्षं झाली, अजून पहिला पाव भट्टीतून निघाला की ते मला हाक मारतात, मी झोपेत असले तरी. बाबांना हवं ते झालं तर ती हाक मला परत ऐकायला मिळणार नाही. तू बाबांना एवढंच लिही की असल्या किमतीला मला सुटका नको. तुझं ते ऐकतील. आणि भट्टीवर जाऊन सांग की मी माझ्या मर्जीने इथे राहिलेली नाही. "दाजी" म्हणायला तुझी जीभ झडत असेल तर नको म्हणूस, पण सांग.


ओस्तिया. सप्टेंबरचे आयडिस, तेरा तारीख.

नुमेरिअसकडून ओपिडियास. पत्र मिळालं, वाईट वाटलं, मुख्यतः तुझ्या भाषेचं.

बापाचा अधिकार हा आपल्या समाजाचा पाया आहे. तो उद्या मुली नाकारायला लागल्या तर परवा बैल नाकारतील. माझ्या सुटकेचा आणि तुझ्या लग्नाचा संबंध जोडू नकोस. माझी सुटका ही वेगळी गोष्ट आहे, तिला बाबांची संमती आहे. तुझ्या मताला नाही. मेसियसचं वय जरा जास्त आहे हे मान्य, पण झरा बारमाही आहे.

तुला या गोष्टीचं गांभीर्य कळावं म्हणून विधी समजावून सांगतो. तू विचारलं नाहीस तरी सांगतो. पाच प्रौढ नागरिक साक्षीला लागतात आणि एक तराजू धरायला. घेणारा माणूस विकाऊ वस्तूला हात लावून ठरलेले शब्द म्हणतो, तांब्याचा तुकडा तराजूवर वाजवतो, विकणाऱ्याच्या हातात ठेवतो. झाली विक्री. जमीन, गुलाम, बैल, खेचर, मुलगा, सगळ्यांना हाच विधी. मग घेणाऱ्याला सोडायचं असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर काठी लावून सोडतो. मुलगा म्हणजे घराचा खांब, तो एका विक्रीत बापाच्या हातून सुटत नाही. सोडला की परत बापाकडे येतो. तीनदा विकला तरच बापाचा हक्क संपतो. मुलींना आणि नातवंडांना एकच विक्री पुरते. तेवढंच त्यांचं वजन.

परवा माझ्या कारकुनाने विचारलं, हे शब्द कुणी थट्टेत म्हटले तर? मी म्हटलं, गधड्या, कायद्याला हसू येत नाही. शब्द म्हटले, तांबं वाजलं, संपलं. मनात काय होतं हे कायदा विचारत नाही.

तुझा नवरा कचेरीत आला होता. मी कामात होतो, म्हणून बाहेर बाकावर मासेवाल्यांच्या रांगेत बसवला. दुपारपर्यंत बसला. आत आल्यावर एकच विचारलं, "ती कधी येणार?" मी म्हटलं, वडीलधाऱ्यांचा निर्णय आहे. तो उठला. जाताना माझ्या चटईवर पिठाची पावलं उमटवून गेला, ती झाडायला डामासला अर्धा तास लागला.


प्रेनेस्ते, मळ्यावरून. ऑक्टोबरचे नोन.

ओपिडियाकडून दादास. तुझं पत्र डोळ्यांत तेल घालून वाचलं, दोनदा. डोक्यात चांगला उजेड पडला.

तुझं बरोबर आहे. बाबांचा माझ्यावर अधिकार आहे तोवर मी त्यांचा शब्द मोडणार नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं. ते इतके खूष झाले की मला मांसाचा मोठा तुकडा वाढला. नंतर त्यातला अर्धा उचलून घेतला, पण आधी वाढला होता.

आता मळ्यावरच्या गमती ऐक. तू माझी पत्रं अर्धीच वाचतोस हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. बाबांना तुझ्या विधीची धास्ती बसली होती. शेवटचा बैल घेतला त्याला बारा वर्षं झाली, शब्द आठवेनात. एक शब्द चुकला तर सगळं मुसळ केरात, असं स्वतःशी पुटपुटत फिरत होते. द्राक्षं तुडवायच्या दिवशी शेजारीपाजारी जमले होते, गावचे दंडाधिकारीही नव्या रसाच्या वासाने आलेले, तराजू अंगणातच पडलेला. मी म्हटलं, बाबा, सगळे आहेतच, तर एकदा तालीम करून घ्या. रंगीत तालीम, शब्द न गाळता. दादाच्या वेळी फजिती नको.

सगळ्यांना पटलं. प्रश्न आला, दादाच्या जागी उभं कोणाला करायचं? मेसियस म्हणाला, खेचर आणा. बाबा एकदम दचकले. म्हणाले, "खेचर नको. शब्द खरे, तांबं खरं, साक्षीदार खरे. खेचर तुझ्या गोठ्यात गेलं तर मी काय करू?" मग इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "ओपिडियाला उभं करा."

मी उभी राहिले. मेसियसने माझं मनगट असं धरलं की वळ उठला. शब्द बाबांनी आठवून आठवून त्याला सांगितले, त्याने म्हटले, तांबं वाजवलं, बाबांच्या हातात ठेवलं. मग मी म्हटलं, आता सोडायचंही करा, तालीम अर्धवट का ठेवता? दंडाधिकाऱ्यांनी हसत हसत काठी लावली, मेसियसने मला गोल फिरवून हात सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, पोरगी कामाला आली.

तू लवकर ये. सगळे तयार आहेत.


ओस्तिया. ऑक्टोबरचे आयडिस.

नुमेरिअसकडून. तुझी आज्ञाधारक ओळ वाचून समाधान झालं. पुढे खेचराचं काहीतरी होतं, ते राहिलं, वेळ नव्हता. दहा दिवसांत पोचतो. माझ्यासाठी मऊ गादी घाल आणि साक्षीदारांना सांग की त्या दिवशी कुणी कांदा खाऊन येऊ नये.


प्रेनेस्ते, मेसियसच्या गोठ्यामागची खोली. नोव्हेंबरचे नोन.

नुमेरिअसकडून, ओस्तियाला सुखरूप पोचलेल्या ओपिडियास.

तू हे केलंस? माझ्याशी?

मी काय पाहिलं ते तुलाच परत सांगतो, म्हणजे तुला लाज वाटेल. मला पहिल्यांदा विकलं, काठी लावून सोडलं, मी बाबांकडे परत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मेसियसने दंड धरला, तांबं वाजलं आणि बाबांनी डोळे पुसले. मला भरून आलं. मग ते मेसियसला म्हणाले, "पाट कुठून खणायचा?" मेसियस माझा दंड न सोडता म्हणाला, "आधी बायको." बाबांनी तुला हाक मारली आणि ट्रेबियसला सोडल्याचं सगळ्यांसमोर बोल म्हणाले.

आणि तू, आवाजसुद्धा न चढवता, म्हणालीस, "बाबा, द्राक्षांच्या दिवशी तुम्ही मला विकलंत. मुलीला एकच विक्री पुरते, दादाने लिहिलंय. त्या दिवसापासून मी तुमची नाही. माझं लग्न आता तुम्हाला मोडता येणार नाही, आणि मी मोडणार नाही." बाबा ओरडले की ती तालीम होती. दंडाधिकारी डोकं खाजवत म्हणाले, "म्हातारबा, काठी मीच लावली होती. शब्द बरोबर होते. हेच साक्षीदार होते." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिथे कायदा कळणारा मी एकटा. मला सांगावं लागलं, कायदा तसाच आहे.

तू बाबांना जवळ घेतलंस, डामासच्या गाढवावर बसलीस आणि निघून गेलीस. मागे वळून हात हलवलास. तो कोणासाठी होता?

मेसियस म्हणाला, "बाई गेली, तर पाणी देणार नाही. पण हा माझ्या हातात आहे, हा कशाला सोडू?" दंडाधिकारी म्हणाले, तू याला सोडणार होतास ना? मेसियस म्हणाला, "मनात होतं. पण मनात काय होतं हे कायदा विचारत नाही, असं हेच साहेब सकाळपासून सांगत होते."

तेव्हापासून मी अक्रोड सोलतोय. हिरव्या सालींनी हात कोपरापर्यंत काळे झालेत, राखेने घासले तरी निघत नाहीत. मेसियस रोज संध्याकाळी टोपली बघतो आणि म्हणतो, "साहेब, आज माप कमी भरलं." बाबांकडे निरोप पाठवला, तर उत्तर आलं, तिसऱ्या विक्रीनंतर तू माझा कोणी नाहीस. निरोप्याबरोबर टोगा मात्र परत मागवून घेतला. तो त्यांचाच आहे म्हणे.

ओपू, मी वर्षअखेरीपर्यंत बाजार-अधिकारी आहे. माझी खुर्ची तिथे रिकामी आहे. काहीतरी कर. बाप नसलेला, स्वतःचा मालक असलेला एकच माणूस आपल्या नात्यात आहे. त्याला विचार.


ओस्तिया, भट्टीवरून. नोव्हेंबरच्या आयडिसनंतर.

ओपिडियाकडून दादास. हात हलवला तो तुझ्यासाठीच होता. तुला दिसला नसेल असं वाटलं होतं.

लाज वाटली का विचारतोस? नाही वाटली. रडू आलं, तेही वाटेत, गाढवावर. तू मला बाबांच्या हातात दिलंस याचं नाही. बाबा बाबाच आहेत. पण तू पत्रात लिहिलंस की झरा बारमाही आहे, आणि पुढच्या ओळीत कायदा शिकवलास. लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची तेव्हा तूच दाराशी झोपायचास. ते तुला आठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. आणि तू शिकवलेल्या कायद्यानेच मी सुटले, तेव्हा तुझे उपकारही मानते. दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. ते पीठ मळत होते, थांबले नाहीत. दोनच गोष्टी विचारल्या. "त्याला जेवायला काय देतात?" आणि, "आपलं जात्याचं म्हातारं गाढव मेसियसला चालेल का?"

डामासकरवी विचारलं. मेसियसचं उत्तर आलं: गाढव चालेल, वर एक पोतं कोंडा. साहेब सोलतात कमी आणि बोलतात जास्त. तर हे परवा निघतायत. विधी तोच, तुला पाठ आहे. मेसियस तुला यांना विकेल, आणि हे तुला तिथेच काठी लावून सोडतील. तू तीनदा बाबांच्या हातून गेलेला आहेस, त्यामुळे या वेळी सुटलास की कुणाकडे परत जायचं नाही.

मी अट घालणार होते. चांगली ठसठशीत, बाजारात सगळ्यांसमोर करण्यासारखी. झोप येईना तेव्हा विचार करून ठेवली होती. यांना सांगितली तर म्हणाले, "अट घालून सोडायचं तर सोडायचं कशाला?" म्हणून अट नाही. फक्त ते गाढव आमच्याकडे सात वर्षं जात्याला होतं आणि पोरीचा त्याच्यावर जीव होता, एवढं लक्षात ठेव. तिची समजूत आम्ही काढू.


ओस्तिया. डिसेंबरची कालेंड.

आदरणीय दाजी,

हे पत्र ओपू तुम्हाला वाचून दाखवेल आणि पहिल्या दोन शब्दांवर थांबून हसेल. हसू द्या.

त्या दिवशी अंगणात तुम्ही माझा हात धरलात, शब्द म्हटलेत आणि लगेच सोडलात. मी आभाराचं भाषण तयार केलं होतं, पण तुम्ही गाढवाची मान खाजवत उभे होता, म्हणून राहून गेलं. मेसियसने मला एका गाढवावर दिलं हे बाजारात कुणाला सांगू नका. कुणी विचारलंच तर दोन सांगा. कोंड्याचं बोलूच नका.

बाबांना भेटून आलो. खेचराला तेल चोळत होते. मी म्हटलं, बाबा, मी आता माझा मालक. ते म्हणाले, "हो, पण तुझा पोरगा माझाच राहिला. मी तुला विकलं, त्याला नाही. आणि मी मेलो की तो तुझ्या हाताखाली येणार नाही, त्याचा तोच मालक होईल. जा आता." दाजी, चव्वेचाळीस वर्षं मी हाताखाली राहिलो ते याच आशेवर की पुढे कुणीतरी माझ्या हाताखाली येईल. आता ते होत नाही. रस्ताभर मी हिशोब जुळवत आलो, कुठेतरी कायदा चुकला असेल म्हणून. चुकलेला नाही.

डामासलाही बाबांनी परत बोलावून घेतलं. जाताना म्हणाला, "गाढव लागलं तर कळवा."

त्यामुळे पाव आणायला पाठवायला माझ्याकडे कुणी उरलं नाही. उद्या सकाळी मी स्वतःच येईन. टोगा नाही आणि हात अजून काळेच आहेत, तेव्हा पोरीला आधी सांगून ठेवा, घाबरेल. भट्टीवर गर्दी असेल तर बाहेर बाकावर बसेन. मासेवाले माझ्या आधी आलेले असतील तर त्यांना आधी द्या.

नुमेरिअस